मोझार्टच्या ‘तुर्की’ कॉन्चेर्तोत तुर्की लोकसंगीत नाही

व्हायोलिन शिकणाऱ्यांच्या गटांमध्ये एक मजकूर सारखा फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मोझार्टने ‘तुर्की’ नावाने ओळखला जाणारा पाचवा व्हायोलिन कॉन्चेर्तो (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदाची रचना) तुर्की लोकगीतांवरून रचला, तोच प्रवाह आजच्या रचनांपर्यंत आला, त्याची खूण म्हणजे भैरवासारखी सुरावट, आणि व्हायोलिनला पडदे नसल्यामुळे तुर्की सूर त्यावर आपसूक निघतात. यातलं भैरवाचं विधान तेवढं अर्धं खरं आहे.

आधी मोझार्ट. हा कॉन्चेर्तो (के. 219) डिसेंबर 1775 मधला, साल्झबर्गचा. शेवटच्या भागात संथ मिन्युएट (तीन ठोक्यांचा दरबारी नाच) चालू असताना मध्येच 2/4 चा धडाका सुरू होतो. चेलो आणि बास वाजवणारे गज उलटा करून त्याची लाकडी काडी तारांवर आपटतात. ही नक्कल आहे मेहतेरची, म्हणजे तुर्की सुलतानाच्या जानिसारी फौजेच्या ढोल-सनई-झांजांच्या (दावुल, झुर्ना, झांजा) वाद्यवृंदाची. फौजेचं संगीत ते, खेड्यातलं नव्हे. शिवाय या भागातलं काही साहित्य मोझार्टने मिलानच्या ‘लुचो सिल्ला’ ऑपेरासाठी केलेल्या बॅलेच्या आराखड्यातून उचललेलं आहे. त्यात तुर्की वेश आहे, तुर्की गीत नाही.

म्हणजे अखंड प्रवाहाची गोष्टही बाद. खरी सुरुवात विसाव्या शतकातली आणि तीही तुर्कस्तानातच. 1936 मध्ये हंगेरियन संगीतकार बार्तोक दक्षिण तुर्कस्तानातल्या अदाना परिसरात लोकगीतं ध्वनिमुद्रित करत हिंडला, तेव्हा तुर्की संगीतकार अहमद अदनान सायगुन त्याच्याबरोबर होता. सायगुनचा व्हायोलिन सोनाटा 1941 चा. त्यानंतरच्या त्याच्या ‘देमेत’ (ऑपस 33) या संचात होरोन आणि झेयबेक ही दोन लोकनृत्यं आहेत. देमेत म्हणजे जुडी. पुढे तुर्की पियानोवादक-संगीतकार फाझल सायच्या व्हायोलिन सोनाटाचा चौथा भाग अनातोलियातल्या एका लोकगीतावर उभा आहे.

या रचनांतलं तुर्कीपण आधी लयीत सापडतं. होरोन हे काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरचं नाच-गाणं, बहुतेकदा 7/16 मध्ये, 2+2+3. सात मोजत बसलात तर वेगात हात अडकणारच. मोजायचे ते तीन ठोके, दोन आखूड आणि एक लांब. बिघाड बहुतेक वेळा लांब ठोक्यात होतो: तिथे हात रेंगाळतो, 2+2+4 होतं आणि सातची आठ मात्रांची कवायत होते. रूपक ताल हाताशी असलेल्यांची अडचण वेगळी. रूपक 3+2+2, लांब गट आधी. होरोनमध्ये तो शेवटी. मेट्रोनोमचा ठोका प्रत्येक सोळांश स्वराला लावा, ‘टक-टक-टाSक’ तोंडाने म्हणा, मग वाद्य उचला.

गजाचा हिशेब मात्र कागदावरच करून ठेवावा. सात स्वर सुटे वाजवले की एक आवर्तन उतरत्या गजाने सुरू होतं, पुढचं चढत्या, आणि आघात एकाआड एक लुळे पडतात. तीनच्या गटातले शेवटचे दोन स्वर एका गजात बांधले की सहा फटके होतात आणि प्रत्येक आवर्तन उतरत्या गजावर येतं. छापील खुणा सुटेच स्वर मागत असतील, तर चढत्या गजाने सुरुवात करून वेगळा सराव करावा लागतो.

आता भैरव. हिजाज या मकामाचे (मकाम म्हणजे तिकडचा रागासारखा प्रकार) पहिले चार सूर सा रे॒ ग म असेच दिसतात, हे खरं. पण तुर्की पद्धतीत सप्तकाचे 53 बारीक भाग, म्हणजे कॉमा, आणि हिजाजमधली अंतरं 5, 12, 5. पियानोच्या तुलनेत रे सुमारे 13 सेंट (सेंट म्हणजे पियानोच्या लगतच्या दोन स्वरांतल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा, ग सुमारे 15 सेंट उतरलेला. भैरवातला आंदोलित रे अतिकोमल, म्हणजे नेमका उलट्या दिशेला. शिवाय अनातोलियाची कितीतरी गीतं हिजाजात नसतातच. हुसैनी या दुसऱ्या मकामाच्या वळणाच्या गाण्यांत दुसरा सूर कोमल आणि शुद्ध रे यांच्या मधला असतो, शुद्धापेक्षा दोन कॉमा खाली. ओळखीची खूण हवी असेल तर ती ही.

‘पडदे नाहीत, म्हणून सोपं’ याला उत्तर काळ्या समुद्राकडचं गजाने वाजवायचं वाद्य केमेंचे देतं. त्याच्या तीन तारा चौथ्या स्वराच्या अंतराने लावलेल्या, त्यामुळे एकच बोट दोन तारांवर आडवं टेकवलं की षड्ज-मध्यमाची जोडी वाजते. व्हायोलिनच्या तारांत पंचमाचं अंतर, म्हणून तेच बोट षड्ज-पंचम देतं. मध्यमाची जोडी हवी तर खालच्या तारेवर दुसरं बोट, वरच्या तारेवर पहिलं; आणि घाईत दुसरं बोट आडवं झालं की ते वरच्या तारेला चिकटतं, सूर मरतो. बोटाचं पेर ताठ उभं ठेवणं एवढाच उपाय. आणि तो दोन कॉमांनी उतरलेला सूर? साथीला पियानो तोच स्वर धरून असेल तर तिथे व्हायोलिन फक्त बेसूर वाटतं. पियानो गप्प असेल त्या मात्रेतच तो लावावा.