रॅक भरलेला, एम गायब

डिपार्टमेंट स्टोअरमधलं करिअर म्हटलं की पुण्यातल्या एमबीएवाल्या पोरांना थेट बायिंगची केबिन दिसते. वर्षभर फ्लोअरवर उभं राहायचं म्हटलं की तोंडं वाकडी. माझं मत विचाराल तर ज्याला कट साइजचा (म्हणजे काही साइज संपून तुटलेल्या सेटचा) हिशेब उभ्याउभ्या कळत नाही, त्याच्या हातात खरेदीचं बजेट देऊच नये.

एक शर्ट घ्या. एस, एम, एल, एक्सएलचा रेशो १:२:२:१, म्हणजे सहाचा सेट. असे दहा सेट, ६० नग. तीन आठवड्यांत ३६ गेले. सेल-थ्रू, म्हणजे आलेल्या मालातला विकला गेलेला हिस्सा, ६० टक्के, मीटिंगमध्ये सगळे खूश. आता रॅकपाशी जाऊन मोजा. एस दहाच्या दहा तसेच, एम १, एल ६, एक्सएल ७. लांबून रॅक गच्च, आणि गिऱ्हाईक मागतंय एम. तो उरलेला एकुलता एम हमखास ट्रायल रूमच्या खुंटीला लटकलेला असतो, नाहीतर अल्टरेशनच्या टेबलावर. म्हणून ट्रायल रूममधला माल तासातासाला जागेवर गेला पाहिजे. शनिवार-रविवारी अर्ध्या तासाला.

बिलिंगची चूक याहून चिवट. एकाच शर्टाचे दोन नग, एक एम, एक एल. किंमत तीच, म्हणून कॅशियर एमचाच बारकोड दोनदा मारतो. बिल बरोबर, गल्लाही बरोबर. सिस्टिममध्ये मात्र एम एकने कमी, एल एकने जास्त. तो एल शेवटचा असेल तर कागदावर जिवंत राहतो, आणि ऑटो-रिप्लेनिशमेंट, म्हणजे संपलेला माल आपोआप मागवणारी सिस्टिम, नवा पाठवत नाही. वार्षिक मोजणीत एकूण नग जुळतात, त्यामुळे साइजवार बघायच्या फंदात कोणी पडत नाही. (जिथे जुळत नाहीत तिथे आधी 'चोरी' म्हणून ओरडा, माल उतरवतानाच कमी मोजला होता का, हे नंतर.) रोज दोन रॅक साइजवार मोजायला किती वेळ लागतो?

उरलेल्या एसवर लगेच सूट लावणं हा आळस. १,००० ची वस्तू ६०० ला पडली तर ४०० सुटतात. २० टक्के सूट दिली की २०० च. तेवढेच पैसे सुटायला दुप्पट नग विकावे लागतात. आधी कॉलेजची पोरं येतात त्या स्टोअरला एस पाठवून बघा. ब्रँडचा माल सेल-ऑर-रिटर्नवर (न विकलेला परत घ्यायच्या बोलीवर) असेल तर परत तरी जातो. स्वतःच्या लेबलचा कोणाला परत करणार? वेस्टसाइडसारखी, बहुतेक स्वतःच्याच लेबलांवर चालणारी दुकानं म्हणूनच अवघड.

लक्ष्मी रोडवरच्या मुरलेल्या साडीवाल्याला कोणता रंग कितव्या दिवाळीपासून पडून आहे हे रजिस्टर न उघडता ठाऊक असतं. मुलाखतीला जाणाऱ्यांनी आदल्या शनिवारी संध्याकाळी सातला जिथे मुलाखत आहे त्याच स्टोअरमधला एक रॅक निवडावा आणि साइज मोजून कागदावर लिहून न्यावेत.