छत्तीस जिल्हे आणि एक फॉर ईच

आमच्या कार्यालयाचा जिल्हावार विक्रीचा मासिक अहवाल एक्सेलमधला एक मॅक्रो, म्हणजे साठवून ठेवलेल्या आज्ञांचा संच, काढतो, आणि तो माझ्याआधी या खुर्चीवर बसणाऱ्या गृहस्थांनी मॅक्रो रेकॉर्डरकडून लिहवून घेतलेला आहे. रेकॉर्डर हा पराकोटीचा प्रामाणिक कारकून असल्यामुळे गृहस्थांनी माउसचे चाक खाली फिरवले, मग विचार बदलून वर फिरवले, हेही त्याने 'स्मॉलस्क्रोल'च्या ओळींत नोंदवून ठेवले आहे. एका जिल्ह्याचे हे आख्यान त्यांनी नाव बदलून छत्तीस वेळा चिकटवले. मॅक्रो ज्या भाषेत लिहितात त्या व्हीबीएमध्ये एका प्रोसिजरला, म्हणजे आज्ञांच्या एका सलग तुकड्याला, 64 किलोबाइटची मर्यादा असते. ती ओलांडल्यावर त्यांनी लांबी कमी केली नाही, तर उरलेले जिल्हे 'मॅक्रो2' आणि 'नवीनफायनल' यांत वाटून टाकले.

हे सारे सुखाने चालले होते, पण उस्मानाबादचे धाराशिव झाले. कोणीतरी शीटच्या टॅबवर रोमन लिपीत नवे नाव घातले आणि जुन्या नावाच्या शोधात निघालेला मॅक्रो 'सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज' म्हणून जागीच थांबला. "अहो, तेवढे एक नाव बदला," असे साहेब म्हणाले. ते एक नाव अकरा ठिकाणी होते. तेव्हा हा पसारा एकदाचा आवरावा, असे मी ठरवले.

तत्त्वतः काम सोपे होते. प्रत्येक शीट आधी 'सिलेक्ट' करून मग 'सिलेक्शन'शी बोलण्याऐवजी सरळ त्या रेंजशीच, म्हणजे हव्या त्या रकान्यांशीच, बोलावे, 'फॉर ईच'चा लूप लावून एकेक शीट घ्यावी, 'स्क्रीनअपडेटिंग' बंद करून पडद्याची लुकलुक थांबवावी, की सगळा मजकूर वीसेक ओळींत मावतो. अडचण अशी होती की ते छत्तीस उतारे एकसारखे दिसत असले तरी एकसारखे नव्हते. सिंधुदुर्गाची बेरीज चाळिसाव्या नव्हे, एकेचाळिसाव्या ओळीपर्यंत जात होती आणि गडचिरोलीचा रकाना पिवळा होत होता. यातले धोरण कोणते आणि घसरलेला हात कोणता, हे कोडवरून कळत नाही, आणि ते जाणणारे गृहस्थ निवृत्त होऊन फोन न उचलण्याच्या वयात पोहोचले आहेत. लूप लिहायला एक दुपार पुरते. खरा वेळ जातो तो या पिवळ्या रंगाचे कारण विचारत टेबलाटेबलांवरून फिरण्यात.

सर्वांत मोठा शोध पालघरचा लागला. हा जिल्हा 2014 साली ठाण्यातून वेगळा झाला, तेव्हा गृहस्थांनी ठाण्याचा उतारा चिकटवून नावे बदलली, मात्र शेवटच्या ओळीतले बदलायचे राहिले. परिणामी पालघरमधून परत आलेला माल आजतागायत ठाण्याच्या विक्रीतून वजा होत होता. शासनाने केलेले विभाजन आमच्या मॅक्रोने अर्धेच मान्य केले होते.

माझा नवा मॅक्रो डोळ्याचे पाते लवण्याआधी संपला, यावरच साहेबांचा प्रथम विश्वास बसेना. नंतर ठाण्याचा वाढलेला आकडा पाहून ते गंभीर झाले. "बरोबर असेल हो, पण मग मागच्या वर्षांशी तुलना कशी करायची?" असे त्यांनी विचारले आणि जुनीच पद्धत चालू ठेवण्याचा निर्णय दिला. त्याप्रमाणे माझ्या आटोपशीर लूपच्या मधोमध आता एक 'इफ' उभा आहे, आणि शीट पालघरची असेल तर परतीचा माल तो इमानाने ठाण्यातून वजा करतो. त्याच्या डोक्यावर मी 'वरिष्ठांच्या सूचनेनुसार' अशी टिप्पणी मराठीत चिकटवली. परंतु व्हीबीएच्या खिडकीला देवनागरी उमटवता येत नसल्यामुळे तिथे नुसती प्रश्नचिन्हांची रांग दिसते.