मेंदूच्या लहरी ८९ टक्के आनुवंशिक, म्हणून शाखा ठरली?

दहावीचा निकाल जवळ आला की नाशिकच्या पालकांमध्ये हा मेसेज फिरतो: ‘जुळ्यांवरच्या संशोधनात सिद्ध झालंय, मेंदूच्या लहरी ८९ टक्के आई-बापाकडून येतात. कपाळाला पट्टी लावा, दहा मिनिटांत मुलाची शाखा कळेल. क्लासवर पैसे घालवू नका.’

आकडा खोटा नाही. १९९६ च्या डच अभ्यासात १६ वर्षांच्या २१३ जुळ्या जोड्यांचा ईईजी, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विजेची नोंद, काढला होता. थीटा आणि अल्फा या वेगवेगळ्या गतीच्या लहरींच्या जोराची आनुवंशिकता सरासरी ८९ टक्के आली. घोळ आहे तो अर्थ लावण्यात.

‘८९ टक्के आई-बापाकडून’: हा आकडा निघतो कसा ते बघा. समजा अल्फाचा सहसंबंध, म्हणजे जोडीतल्या दोघांच्या साम्याचं माप, एकबीज जोड्यांत (जनुकं सारखीच) ०.८६ आणि द्विबीज जोड्यांत (जनुकं भावंडांसारखी, सरासरी निम्मी सारखी) ०.४४ आला. फरक ०.४२, त्याची दुप्पट ०.८४, म्हणजे ८४ टक्के. हे त्या गटातल्या मुलामुलांमधल्या फरकाचं माप झालं, एका मुलाच्या मेंदूची वाटणी नव्हे. निफाडच्या एखाद्या बागेत थॉमसनच्या सगळ्या वेली कलमाच्या, खुंटही एकच. तिथे वेलीवेलीच्या गोडीत फरक पडतो तो पाणी, माती, छाटणी, घडांची संख्या यांमुळे. आनुवंशिकता जवळपास शून्य! म्हणून गोडी जातीवर नसते, असं कुठला बागायतदार म्हणेल? त्याच बागेत दुसरी जात लावा, आकडा लगेच चढेल. आकडा मोठा आला म्हणून खतपाणी वाया जातं असंही नाही, क्लासचंही तेच.

‘लहरींवरून शाखा कळते’: अल्फाच्या जोरात कवटीची जाडीसुद्धा मिसळलेली असते. जोरदार अल्फा म्हणजे गणितात हुशार, असं काही नाही.

‘पट्टी पुरते’: इथे खरी फसगत होते. अल्फा सर्वांत ठळक दिसते ती डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या बाजूला, ओ-१ आणि ओ-२ या जागी. पट्टीचे सेन्सर कपाळावर, म्हणजे नेमके डोळ्यांच्या उघडझापेच्या तावडीत. नीट नोंद घ्यायची तर केसांना तेल नको, त्वचा जेलने घासून घ्यावी, प्रत्येक इलेक्ट्रोडचा अवरोध, म्हणजे त्वचेशी जोडणीतला विजेचा अडथळा, ५ किलोओहमच्या खाली आणावा. मुलाने दात आवळले तर स्नायूंची वीज बीटा, म्हणजे मेंदूच्या जलद लहरी, म्हणून मोजली जाते. पेंग आली तर अल्फा विरते आणि थीटा चढते. रात्री जागलेल्या मुलाचा रिपोर्ट त्यानेच बदलतो.

रिपोर्ट हातात पडला तर रंगीत नकाशे बाजूला ठेवा आणि कच्ची नोंद मागा: इलेक्ट्रोड किती, कुठे लावले, डोळे मिटून किती मिनिटं? ओ-१, ओ-२ नसतील तर अल्फाची मुख्य जागा मोजलेलीच नाही.