बायबलात सायकल नाही

बायबलात गाढव आहे, उंट आहेत, फारोचे रथ आहेत, योनाला गिळणारा मासाही आहे. सायकल नाही. त्यामुळे लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत अमरावतीहून चिखलदऱ्याला सायकलनं निघणाऱ्या ख्रिस्ती माणसाला वचनांची जुळवाजुळव स्वतःच करावी लागते, आणि माझं मत असं की तो हमखास चुकीचं वचन उचलतो. यशया, अध्याय ४०: परमेश्वराची आशा धरणारे गरुडासारखे उडतील, धावतील तरी दमणार नाहीत, चालतील तरी थकणार नाहीत. पायडल मारण्याबद्दल संदेष्ट्यानं एक अक्षर काढलेलं नाही. त्याच अध्यायात डोंगर सखल होण्याचंही आहे. धामणगाव गढीच्या पुढं ते अजून झालेलं नाही.

वलगाव, आसेगाव करत परतवाड्यापर्यंतचे ५० किलोमीटर सपाट. माणूस गीतं म्हणत जातो. पुढच्या तीसेक किलोमीटरांत सुमारे ७०० मीटर चढायचं असतं, तिथं गीतं आपोआप थांबतात. इथं वचनं मोजण्यापेक्षा चेनच्या चक्रांचे दात मोजावेत: पुढच्या लहान चक्राला ३४ आणि मागच्या मोठ्यालाही किमान ३४. घरची काळी, बिनगिअरची सायकल असेल तर उतरून ढकलावी, ते पाप नाही. सीटची उंची घरीच बघा. टाच पायडलवर ठेवली की खाली गेलेला पाय सरळ झाला पाहिजे. सीट बुटकी राहिली तर गुडघ्याची वाटी पुढून ठणकते, मग गुडघे टेकायचीही सोय राहत नाही.

आता उपास. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत दिवस होतात ४६, पण रविवार उपासात धरत नाहीत, म्हणून ४०. याचा सरळ अर्थ असा की घाट रविवारी चढावा. तासाला दोन केळी किंवा गुळाचा खडा पोटात गेला नाही, तर दोनेक तासांत पाय बधिर होऊन माणूस माइलस्टोनला टेकतो. सकाळची उपासना बुडते, त्याचं प्रत्येकानं आपल्या पाळकसाहेबांशी बोलून घ्यावं.

आणि काटे. बाभळीचा काटा निदान दिसतो. सराटा दिसत नाही, सावलीला म्हणून सायकल रस्त्याखाली घेतली की चिकटलाच. पौलाच्या शरीरात काटा होता, तो निघावा म्हणून त्यानं प्रभूला तीनदा विनवलं, आणि उत्तर मिळालं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ टायरला हे उत्तर पुरत नाही. चाक काढा, टायरची एक बाजू रिमबाहेर घ्या, ट्यूब ओढून हवा भरा आणि पाण्यात बुडवा. बुडबुडे निघतील तिथं पुसून कोरडं करा, घासपेपरनं खरखरीत करा, सोल्युशनचा पातळ हात द्या. मग पाच मिनिटं थांबा. ओल्या सोल्युशनवर चिकटवलेलं ठिगळ सरकतं, आणि सगळे नेमके इथंच घाई करतात. ठिगळ दाबून बसवल्यावर खरं काम उरतं: टायरच्या आतून सगळीकडं हळूहळू बोटं फिरवायची आणि काटा उपटून काढायचा. तो राहिला तर दोन किलोमीटरवर चाक पुन्हा बसतं. आमच्या मंडळींतल्या बऱ्याच पश्चात्तापांची रीत हीच आहे: बुडबुडे पाहून हळहळायचं, ठिगळ मारायचं, काटा आतच. (सायकल महागाची असेल तर तिचा व्हॉल्व्ह बारीक असतो, गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला लागत नाही. बोटाच्या पेराएवढा पितळी ॲडाप्टर खिशात ठेवा.)

गावात थांबलं की माणसं गोळा होतात.

“कोठी चालले जी?”

“चिखलदऱ्याले.”

“सायकलनं? बाप्पा! गाडी नाई का घरी?”

“आहे ना.”

“मंग काऊन?”

या प्रश्नाला धर्मशास्त्रात उत्तर नाही. किती राहिलं विचारलं तर म्हणतात, “हे का, एक कोस.” वेठीस धरून कुणी एक कोस नेलं तर त्याच्यासोबत दोन कोस जा, असं मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. वऱ्हाडात हिशेब तोच, फक्त आपण स्वतःच स्वतःला वेठीस धरलेलं असतं.

दुपारी १२ ते ४ सायकल चालवू नये. याला आधार योहानाच्या चौथ्या अध्यायात आहे: येशू वाटचालीनं दमला आणि भर दुपारी विहिरीवर बसला, पाणी मागितलं. गरुडाचं वचन बाजूला ठेवून हे पाठ करावं. देवाचा पुत्र दमू शकतो, तर आपण हापशीपाशी बसायला लाजायचं कशाला? लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. घोट घोट घ्या.

चिखलदऱ्याजवळच्या मरियमपूरला संध्याकाळच्या प्रार्थनेला पोचायचं तर पिशवीत पँट हवी, कारण सायकलच्या गादीच्या चड्डीवर देवळात जाता येत नाही. या चड्डीच्या आत दुसरी घालायची नसते, शिवण काचते. तरी ८० किलोमीटरांनंतर लाकडी बाकावर टेकणं अशक्यच. शेवटपर्यंत गुडघ्यांवर राहिलेल्या माणसाकडं मग शेजारच्या आजी फार आदरानं बघतात.