"बिल आम्ही भरायचं आणि परवानगी म्हातारीची?" या कमेंटला उत्तर

दादा, तुमची कमेंट परवा नाईटला वाचली, सकाळी घरी आल्यावर परत वाचली आणि मग दोन दिवस काही लिहिलंच नाही, कारण पहिल्यांदा नुसता रागच आला होता. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलेलं की म्हाताऱ्या पेशंटचे हात सरसकट बांधायचे नसतात, आणि एक मुलगा आईचा अंगठा घ्यायला कागद घेऊन वॉर्डात आला तेव्हा मी साक्षीदार म्हणून सही केली नाही. त्यावर दादांचं म्हणणं असं की रात्री आम्ही जागतो, बिल आम्ही भरतो, सलाईन उपसलं तर परत टोचायचे पैसे पण आमचेच, मग बांधा म्हटलं की बांधायचं, सही मागितली की करायची, सिस्टर लोकांनी कायदा शिकवायचा नाही. आणि शेवटी एक ओळ, "चूक झाली की पहिले हात तुम्हीच वर करता."

ही शेवटची ओळ आधी घेते, कारण ती खरी आहे.

नोकरीला लागून तीनच वर्षं झाली होती. रात्रीचे अडीच वगैरे, मी एकटी आणि पेशंट बावीस (नर्सिंग कौन्सिलच्या हिशोबानं जनरल हॉस्पिटलला पाच पेशंटमागं एक सिस्टर पाहिजे, आम्ही ते हसण्यासाठी वाचतो). खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजोबांनी तिसऱ्यांदा सलाईन ओढलं, उठून बसले आणि "म्हशीची धार राह्यलीया, जातो मी" म्हणत पाय खाली सोडायला लागले. मी रोलर बँडेज घेतलं आणि दोन्ही हात कॉटच्या दांडीला बांधून टाकले. डॉक्टरांना फोन केला नाही, घरच्यांना उठवलं नाही, केसपेपरवर एक ओळ लिहिली नाही. सकाळी सोडलं तर दोन्ही मनगटांवर निळी कडी उठलेली, सुनेनं विचारलं तर मी म्हटलं सलाईनमुळं असेल. धडधडीत खोटं. दुपारी रिपोर्ट आला, रक्तातलं सोडियम पार खाली गेलेलं. आजोबांची बडबड त्याचीच होती आणि मी रात्री त्याच्यावर गाठी मारत बसले होते.

म्हणून सांगते, म्हातारं माणूस एकाएकी रात्री बरळायला लागलं, हात-पाय मारायला लागलं की "वय झालं आता" म्हणून सोडायचं नाही. लघवीचं इन्फेक्शन, सोडियम, चार दिवस पोट साफ नसणं, झोपेची नवी गोळी, कधी नुसता चष्मा आणि कानाचं मशीन घरी राहिलेलं असतं, एवढ्यानं पण होतं. बांधलं की माणूस आणखी बिथरतो, आणि नुसते कॉटचे कठडे वर केले तर त्यावरनं चढून पडतो, म्हणजे उलट जास्त उंचावरनं. २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यात बांधण्याबद्दल स्पष्ट लिहिलंय, शिक्षा म्हणून किंवा धाक दाखवायला बांधायचं नाही, समोर लगेच धोका असेल आणि दुसरा उपायच नसेल तरच, गरजेपुरता वेळ, सायकिॲट्रिस्टच्या परवानगीनं, आणि नोंद ठेवून. तो कायदा मनोरुग्णांच्या संस्थांचा आहे, आमच्या ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या वॉर्डाला सरळ लागू होत नाही हे मला माहितीय. पण मेंटलच्या पेशंटला एवढी काळजी आणि आपल्या आजोबांना सरसकट रोलर बँडेज, हे मला तरी पटत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं तर आजही मी बांधते, बोटं गार पडलीत का बघते, सोडते आणि वेळ टाकून लिहिते.

आता अंगठा. तुम्ही म्हणता सही केली असती तर काय बिघडलं असतं. त्या दुपारचं नीट सांगते मग तुम्हीच ठरवा. आजी अठ्ठ्याहत्तरच्या, साडेतीनला दुखण्याचं इंजेक्शन दिलेलं, चारला भेटायची वेळ. मी बीपी घ्यायला गेले तर मुलगा जांभळ्या शाईचं पॅड उघडून बसलेला, आजींचा अंगठा त्याच्या चिमटीत, आणि "आई, हितं लाव, बिलाचा कागद हाय." आजींचे डोळे निम्मे मिटलेले. कागद माझ्याकडनं उलटा दिसत होता तरी वर ठळक 'बक्षीसपत्र' लिहिलेलं वाचता आलं, म्हणजे मालमत्ता फुकट दुसऱ्याच्या नावावर करून द्यायचा कागद. मग मला म्हणाला, सिस्टर, साक्षीदार म्हणून तुमची एक करा. साक्षीदार म्हणजे काय ओ दादा? उद्या भांडण कोर्टात गेलं की मला उभं करून विचारणार, बाई शुद्धीत होत्या का, कशावर अंगठा देतायत ते कळत होतं का. आणि इंजेक्शनची वेळ माझ्याच अक्षरात केसपेपरवर. मी मोठ्यांदा विचारलं, आजी, कशाचा कागद हाय ठाऊक हाय का? तर म्हणाल्या, "व्हय की, डिचार्जचा." मी इनचार्ज सिस्टरांना बोलावलं आणि सगळं लिहून ठेवलं. मुलगा मला जे बोलला ते इथं लिहीत नाही.

कायद्यानं बघायला गेलं तर त्या अंगठ्याचा त्याला उपयोग पण नव्हता, घरजागेचं बक्षीसपत्र दोन साक्षीदार आणि रजिस्ट्रेशनशिवाय होत नाही. आणि झालं असतं तरी, आईला सांभाळायच्या अटीवर दिलं असेल आणि नंतर सांभाळलं नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे, प्रांताधिकाऱ्यांकडं अर्ज करून ते रद्द करता येतं. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं मध्य प्रदेशातल्या एका आईचं असंच मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द करून टाकलं. हे तुम्हाला नाही म्हणत, राग धरू नका.

बिलाचा मुद्दा मात्र मला मान्य नाही. पैसे भरणारा वेगळा आणि अंग ज्याचं तो वेगळा. दिल्लीची एक केस आहे, समीरा कोहली, २००८ चा निकाल. बाई तपासणीसाठी भूल घेऊन टेबलावर, डॉक्टरनं बाहेर तिच्या आईची सही घेतली आणि गर्भाशय काढलं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, बाई सज्ञान आहे, काही वेळानं शुद्धीवर येणार होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता, तर आईची परवानगी चालत नाही. मग जागी असलेल्या, चहात साखर कमी पडली तर पहिल्या घोटाला ओळखणाऱ्या म्हातारीच्या ऐवजी मुलाची कशी चालेल? वय साठ झालं की अधिकार मुलाकडं जातो असं कुठं लिहिलेलं नाही, पण आमच्या वॉर्डात डॉक्टर राउंडला आले की पेशंटकडं पाठ करून मुलाशीच बोलतात, आणि आम्ही सिस्टर फाईल धरून उभ्या.

व्हेंटिलेटर लावायचा का नाही हे पण त्यांनीच ठरवायचं का, असं तुम्ही टोमण्यात विचारलंय, तर हो. ९ मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टानं लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारपणात कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचा कागद, मान्य केलं, आणि २०२३ च्या जानेवारीत ते सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. शुद्धीत असताना लिहून ठेवलं तर आयसीयूच्या दारात भावाभावांची जुंपत नाही, असल्या जुंपण्या मी भरपूर बघितल्यात.

तुमचं एक बरोबर आहे. मागच्या पोस्टमध्ये मी मुलांना एका ओळीत मोडीत काढलं, ते चुकलं. चौदा रात्री कॉटखाली चटई टाकून झोपणारी मुलं पण मी रोज बघते, सकाळी रंकाळ्यावरनं फिरून यायला पण त्यांना वेळ नसतो. ती ओळ काढून टाकते.

तुमच्या आईंचं तुम्ही लिहिलंय की रात्री फार ओरडतात. त्यांची लघवी आणि सोडियम तपासायला सांगा, चष्मा घरनं आणून द्या, आणि उद्या डॉक्टर आले की "आईलाच विचारा" एवढं म्हणून बघा. काय म्हणाल्या ते इथं खाली लिहा, मी परवा नाईटला आहे, वाचते.