"पोट्ट्यांना कामच नको असते" म्हणे

आज सकाळी नागपूरच्या लोकमान्यनगर मेट्रो स्टेशनजवळच्या टपरीवर चहा घेत होतो. बाजूला एक गृहस्थ, हिंगणा एमआयडीसीत स्वतःचं युनिट आहे म्हणे, मोठ्यानं सांगून राहिले होते की आजकालच्या पोट्ट्यांना कामच नको असते, दोन दिवस येतात न तिसऱ्या दिवशी गायब. बाकीचे माना डोलवत होते. मी काही बोललो नाही, अर्धा चहा तसाच ठेवून निघालो, तेव्हापासून डोकं तापलेलं आहे.

माझा लहान भाऊ याच एमआयडीसीत पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनवर होता. त्या प्रेसला दोन बटणं होती, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली यायलाच नको, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. त्यातलं एक बटण तारेनं आवळून कायमचं दाबून ठेवलेलं. काऊन? तर एका हातानं माल लाव, दुसऱ्यानं बटण दाब, पीस जास्त निघतात. उजव्या हाताची दोन बोटं गेली. वय 22.

आणि कामच नको म्हणे! बारा बारा तास उभा राहायचा तो. कारखान्यात ओव्हरटाइमला दुप्पट पैसे हा नियम 1948 पासून आहे, त्याला सिंगल रेटनं मिळायचे, तेही ठेकेदाराच्या मर्जीनं. दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं की ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्डच काढलं नव्हतं. अहो कामाच्या पहिल्या दिवसापासून अपघाताचं संरक्षण असतं त्यात! मस्टरवर तर नावच नव्हतं. आठ महिने राबला, न कागदावर तो तिथं कधी गेलाच नव्हता.

आमचे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. त्या मिलनं कामगाराला अपघाताची भरपाई द्यायला 1895 साली सुरुवात केली, कायदा आला 1923 ला. याच नागपुरात. आता तिथं मॉल आहे. आणि 17 डिसेंबर 2023 ला इथल्याच बाजारगावच्या कारखान्यातल्या स्फोटात 9 जण गेले, त्यात सहा बाया, पुढच्या जूनमध्ये धामन्याच्या कारखान्यात स्फोट, 2025 च्या एप्रिलमध्ये उमरेडला. आपण दोन दिवस हळहळतो, मदतीचा आकडा वाचतो न पेपर रद्दीत टाकतो.

छोट्या युनिटवाल्यांचे पैसे मोठ्या कंपन्या महिनोन्महिने अडकवतात, मान्य आहे. पण ती तार सोडायला पैसे लागत नव्हते.

पट्टी निघाल्यावर भाऊ पहिल्यांदा उजव्या हातानं जेवायला बसला तर वरणभात कालवता येईना. आईनं काही न बोलता ताट ओढलं, कालवून दिलं, लहानपणी द्यायची तसं. तो मान खाली घालून बसला होता. हे लिहितानाही दिसून राहिलं मला.

आता तो एका गोडाऊनवर सुपरवायझर आहे. मघाशी त्याला टपरीवरचं सांगितलं. मला वाटलं चिडेल. त्यानं एवढंच विचारलं, "दादा, त्यांच्याकडे प्रेस आहे का?" मी म्हटलं, असेल, नीट ऐकलं नाही. तर म्हणे, "नंबर घ्यायचा ना. दोन्ही बटणं चालू आहेत का विचारलं असतं."

नंबर नाही माझ्याजवळ. टपरी माहीत आहे. उद्या सकाळी दोघंही जातो.