नट पडला. पुन्हा.

टिंग.

एवढाच आवाज. मग जरा खालच्या पट्टीत एक टक्. आणि मग काहीच नाही. ते 'काहीच नाही'च माझं डोकं फिरवतं. नट कुठल्यातरी सांदीत जाऊन बसलाय आणि आता मी कितीही बोंब मारली तरी तो ओ देणार नाही.

घरातून बायकोचा आवाज आला, "पडला का?"

"पडला."

"मग जेवायला तुझी वाट बघत नाही."

घरात विमान आल्यापासून तिला एवढं ज्ञान झालंय.

मी विमान बांधलंय म्हटलं की लोकांचे डोळे विस्फारतात. एका माणसाचं, उघड्या कॉकपिटचं, लाकडी सांगाडा, वर कापड. पुढचा प्रश्न ठरलेला: "फार अवघड असेल ना?" अहो, अवघड काही नाही त्यात! पंखाच्या रिबा, म्हणजे फासळ्या, करायच्या तर एकदा फळीवर जिग (साचा) ठोकला की तीच काडी, तोच गोंद, तीच प्लायवुडची चकती, रोज एक रिब. कापड चढवणं तर निव्वळ चैन आहे. पॉलिस्टरचं कापड कडेनं चिकटवायचं आणि इस्त्री फिरवायची, आधी १२१ अंशांवर, शेवटी १७७ वर. डोळ्यांदेखत सुरकुत्या नाहीशा होतात आणि टिचकी मारली की ढोलकीसारखं वाजतं. त्या दिवशी मी रात्री दोनदा उठून नुसतं वाजवून आलो होतो.

अवघड आहे ते हे. करंगळीच्या नखाएवढा नट, जिथे हात पोचत नाही, नजर पोचत नाही, अशा ठिकाणी बोल्टावर चढवणं. विमान बांधायला सहा वर्षं लागली असं मी सांगतो. खरं सांगायचं तर विमानाला दोन लागली. उरलेली चार मी पोटावर पडून बॅटरी दातात धरून काढली.

ज्यानं कुणी हे ड्रॉइंग केलं त्याच्याबद्दल मला काही बोलायचंय. कागद सपाट असतो, त्याला मनगट नसतं. एक नाजूक बाण काढायचा, टोकाला लिहायचं "एएन३ बोल्ट", आणि पुढच्या पानावर जायचं. त्या बाणाच्या टोकाशी सीटमागचं बल्कहेड, म्हणजे आडवी भिंत, आहे, त्यामागे एलिव्हेटरचा, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या फळीचा, बेलक्रँक (ओढ पुढे पोचवणारा हलता दांडा) आहे, आणि मधे जी फट आहे तीत माझा पंजा उभा जातो पण आत गेल्यावर वळत नाही. लाँजरॉनच्या, म्हणजे सांगाड्याच्या लांब दांड्याच्या, कडेवर हाताची सालटं निघतात. मधल्या बोटाच्या टोकाला ग्रीस लावून त्यावर नट चिकटवायचा, श्वास रोखायचा, आंधळ्यासारखं चाचपत तो बोल्टाच्या तोंडाशी न्यायचा आणि नखानं फिरवायचा. पहिला आटा धरला की माणूस देवाचं नाव घेतो. धरला नाही की काय होतं ते वर सांगितलंच आहे.

बरं, चढला म्हणजे सुटलो का? नाही! बेलक्रँक हलता सांधा. हलत्या सांध्याला नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, नट चालत नाही, तिथे कॅसल नट लागतो, म्हणजे डोक्यावर किल्ल्याच्या तटासारख्या खाचा असलेला. बोल्टाला आडवं भोक असतं. नट योग्य जोरानं आवळायचा आणि खाच नेमकी भोकासमोर आली की त्यातून कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून दुमडून अडकवायची तार) ओवायची. योग्य जोर म्हणजे २० ते २५ इंच-पाउंड. आता गंमत बघा. २० वर खाच भोकाच्या अलीकडे असते. २५ वर पलीकडे. कधीच, कधी म्हणजे कधीच, समोर नसते. मग काय करायचं? नट काढायचा, पातळ वॉशर बदलून जाड घालायचा, किंवा जाड काढून पातळ, आणि नट पुन्हा चढवायचा. म्हणजे जी कसरत एकदा जमायला चाळीस मिनिटं लागली ती परत. आणि आता दोन वस्तू पडायला मोकळ्या, नट आणि वॉशर.

टिंग. टिंग.

तेवढ्यात ज्या डब्यातून जाड वॉशर घ्यायचा त्या डब्याकडे गेलो की दुसरं दुखणं सुरू. बोल्टांचे नंबर. हे ज्यांनी ठरवले ते अमेरिकेचे आर्मी आणि नेव्ही, म्हणून 'एएन'. पहिला आकडा जाडीचा, सोळांश इंचात: एएन३ म्हणजे ३/१६, एएन४ म्हणजे पाव इंच. इथवर माणसाला समजतं. पुढचा आकडा लांबीचा, अष्टमांश इंचात. तर ५ म्हणजे ५/८, ६ म्हणजे ६/८, ७ म्हणजे ७/८, आणि त्यानंतर येतो थेट १०! आठ नाही, नऊ नाही. का? तर दहा म्हणजे दहा नव्हे, ते 'एक पूर्णांक शून्य अष्टमांश'. अकरा म्हणजे एक पूर्णांक एक. समजल्यावर सोपं आहे, मान्य. पण समजायच्या आधी मी आठ नंबरचा बोल्ट शोधण्यात एक अख्खी दुपार घालवली, आणि बोल्ट विकणाऱ्यानं फोनवर जो काही आवाज काढला तो अजून कानात आहे. शेवटी 'ए' असेल तर पिनेचं भोक नाही, 'ए' नसेल तर भोक आहे. म्हणजे अक्षर आहे तेव्हा भोक नाही आणि अक्षर नाही तेव्हा भोक आहे. युद्धं जिंकली ही माणसं, मला आदर आहे.

आणि लांबी मोजायची ती सबंध बोल्टाची नाही. महत्त्व कशाला, तर आट्यांच्या आधीच्या गुळगुळीत भागाला, ज्याला ग्रिप म्हणतात. जेवढी जाडी जोडायची तेवढीच ग्रिप हवी, कारण आटे भोकाच्या आत येऊन त्यांच्यावर भार पडला तर भोक घासून मोठं होतं आणि बोल्ट तिथेच कमजोर. ग्रिप लांब पडली तर नट आटे संपून अडतो, तुम्हाला वाटतं घट्ट झालं, आणि सांधा आतून ढिला. माझ्या फिटिंगला काय लागतं? १२ नंबर आखूड पडतो, १४ लांब पडतो. घरात काय आहे? १२ आणि १४. तेराचे मी सहा मागवले होते. त्यातले चार बसवले. दोन कुठे आहेत हे विमानालाच माहीत.

अमेरिकेच्या पीटनपोलनं १९२९ मध्ये फोर्डच्या मॉडेल ए मोटारीचं इंजिन उघड्या कॉकपिटच्या लाकडी विमानाला लावून ते उडवलं. हे वाचूनच मी या फंदात पडलो. त्याच्याही आधी ब्राझीलच्या सांतोस-दुमोंनं आपल्या दम्वाझेल विमानाचे आराखडे लोकांना फुकट वाटले. आणि तो फ्रेंच आन्री मिन्ये! ज्याला खोकं ठोकता येतं त्याला विमान बांधता येतं, असा त्याचा दावाच होता. खोक्याला खिळे लागतात, मिन्येसाहेब. खिळा हातोडीनं आत जातो आणि आतच राहतो. खोक्याच्या पोटात हात घालून कुणी त्याच्यावर कॅसल नट चढवत नाही. (त्याच्या 'उडत्या पिसवे'वर पुढे बंदी आली, पण ती खोक्यामुळे नव्हे, पंखांच्या रचनेमुळे. सूर मारला की ते विमान वर यायचं नाव घेत नसे.)

मित्र म्हणतात, "अरे एक नट गेला तर गेला, दुसरा लाव की!" दुसरा लावतोच रे. पण पहिला आत आहे ना! मोटारीत नट पडला तर खडखड वाजतो, फार तर चिडचिड होते. विमानाच्या पोटात नट पडला की तो तिथे राहत नाही. नाक वर गेलं की मागे, नाक खाली गेलं की पुढे, असा हिंडत असतो. आणि त्याच पोटातून एलिव्हेटरची पुशरॉड जाते, रडरच्या, म्हणजे शेपटीच्या सुकाणूच्या, केबल जातात, पुली आहेत, तो बेलक्रँक आहे. बेलक्रँक आणि बल्कहेडच्या मधे नट अडकला, की स्टिक, म्हणजे हातातला दांडा, मागे ओढायची तेव्हा मागे येणार नाही. जमिनीपासून वीस फुटांवर स्टिक मागे आली नाही तर काय होतं ते लिहायची गरज नाही. म्हणून पडलेला नट सापडेपर्यंत काम बंद. नियम म्हणजे नियम.

शोधायची अवजारं माझ्याकडे आता पान्यांपेक्षा जास्त आहेत. लांब दांडीचं चुंबक. वाकडा आरसा. सापासारखा कॅमेरा, ज्यात सगळं दिसतं पण आपण नेमकं काय बघतोय हे कळत नाही. चुंबकाची तर वेगळीच तऱ्हा. स्टीलचा नट त्याला चिकटेल, पण त्याआधी वाटेतल्या प्रत्येक बोल्टाला, ब्रॅकेटला आणि केबलला ते स्वतःच चिकटतं. आणि पडलेली वस्तू टर्नबकलची, म्हणजे केबल ताणायच्या जोडाची, पितळी नळी असेल तर चुंबक तिच्या अंगावरून मख्खपणे निघून जातं.

गेल्या वर्षी, पंख लावायच्या आधी, वैतागून चार जणांना बोलावलं. नुसता फ्यूजलाज, म्हणजे विमानाचं धड, होता, इंजिन नव्हतं. चौघांनी उचलला, आडवा केला, उलटा केला आणि बाळाच्या खुळखुळ्यासारखा हलवला. मी खाली चादर धरून उभा. हरवला होता एक नट. चादरीत पडलं काय? पेन्सिलीचं थोटूक, लाकडाचा भुसा, एक वॉशर, माझ्या चष्म्याचा स्क्रू आणि दोन नट.

दोन!

चौघं टाळ्या वाजवायला लागले. मी मटकन खाली बसलो. एक हरवला आणि दोन सापडले याचा अर्थ माझा हिशेब चुकलाय, आणि हिशेब चुकलाय म्हणजे आत आणखी किती आहेत हे कुणालाच सांगता येणार नाही. त्या दिवसापासून वही ठेवली. डब्यातून निघालेला प्रत्येक नट वहीत, बसला की खूण, पडला की लाल शाईत, सापडला की लालवर काट. कापड चढवायच्या दिवशी एकही लाल नोंद बाकी नव्हती. मी निर्धास्त होतो. गाढव होतो.

विमान उडालं, छान उडालं. इंजिनच्या तेलाचा वास, गॉगलच्या कडेनं घुसणारा वारा, ताशी ७५ मैलांवर कान बधिर. दहाएक तास झाले असतील. परवा ऊन जरा वर आल्यावर उडालो, हवा उसळ्या मारत होती. आठशे फुटांवर असताना एक खड्डा लागला, विमान खाली गेलं, मी पट्ट्यांना लटकलो, आणि सीटखालून एक नट सावकाश वर आला. घाई नाही काही नाही. हवेत किंचित थांबला, उन्हात चमकला, आणि उजव्या पेडलच्या बाजूला जाऊन टेकला. नटच शेवटी. एंट्री कधी घ्यायची हे त्याला बरोबर कळतं.

खांद्यांच्या पट्ट्या आवळलेल्या, वाकता येईना. पट्टा सोडावा तर डोक्यावर छप्पर नाही. एका हातात स्टिक, एका हातात थ्रॉटल, दोन्ही पाय पेडलवर. मी नटाकडे बघतोय, नट माझ्याकडे. उजवा पाय जरा दाबला की बूट त्याला लागतो आणि तो पुढे सरकतो, पेडलच्या बिजागरीकडे. म्हणून उजवा पाय दाबायचा नाही. म्हणजे वळायचं ते सगळं डावीकडेच. नशीब, धावपट्टीचा फेरा डावीकडूनच होता. इतक्या हलक्या पायानं मी आयुष्यात कधी विमान चालवलं नाही. उतरताना नाक खाली होतं तोवर साहेब पेडलपाशी निमूट बसून होते. मनात म्हटलं, टेकलो की पहिल्यांदा तुला उचलतो.

पण हे शेपटीवर चाक असलेलं विमान आहे. तिन्ही चाकं एकदम टेकायची तर नाक वर घ्यावं लागतं. घेतलं. आणि तो माझ्या डोळ्यांसमोर बुटाला वळसा घालून घरंगळत मागे गेला, सीटखाली.

वही काढली. एकही लाल नोंद नाही. म्हणजे हा वहीच्या आधीचा.

आता सापडेपर्यंत उडणं बंद आणि सीट काढणं आलं. सीटला चार बोल्ट. पुढचे दोन हाताशी आहेत, दोन मिनिटांत निघाले. मागचा उजवा आरशात बघून निघाला. मागच्या डाव्याचा नट बल्कहेडच्या त्याच फटीत आहे, जिथे पंजा जातो पण वळत नाही. बोटाला ग्रीस लावलं, श्वास रोखला, पाना हळूच फिरवला, नट शेवटच्या आट्यावर आला, आणि घरातून विचारलं गेलं, "पडला का?"

आता आत दोन आहेत.